चार मिलिमीटर

माझा भाऊ यतीन कुबल अठरा वेळा अंटार्क्टिकाला गेला. एकोणिसाव्या वेळी तो गेला नाही, कारण मी त्याचं जाणं थांबवलं. त्याला न विचारता.

आम्ही वेंगुर्ल्याचे. दादा मर्चंट नेव्हीत गेला, तिशीत कॅप्टन झाला आणि पस्तिशीत भल्या मोठ्या जहाजाची नोकरी सोडून आइस पायलट झाला. बर्फाच्या समुद्रात शिरणाऱ्या जहाजाला वाट दाखवणारा माणूस म्हणजे आइस पायलट. तोवर उपग्रह तासातासाला बर्फाचे नकाशे पाठवू लागले होते, तरी जहाजांना दादा लागायचाच. "नकाशा तासाभरापूर्वीचा असतो, बर्फ आत्ताचा असतो," असं तो म्हणायचा. पुढे-पुढे त्याला मोठी जहाजंही नकोशी झाली. शास्त्रज्ञांना घेऊन जाणाऱ्या लहान शिडाच्या बोटींवर तो जाऊ लागला. जितकी बोट लहान आणि जागा ओसाड, तितका तो खूश.

वर्षातले तीन-साडेतीन महिने तो घरी असायचा. त्यातला निम्मा वेळ त्याला झोप यायची नाही.

२०४१च्या जानेवारीत अपर्णावहिनीच्या स्तनात गाठ सापडली. पूर्वीच्या काळी खलाशांच्या बायकांना निदान एक दिलासा होता, नवऱ्याला कळवायची सोयच नसायची. आता तसं नव्हतं. दादा रोज फोनवर दिसत होता, मागे पांढरं क्षितिज. वहिनीने सांगितलं, त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "बोट सहा आठवड्यांनी वळेल. मैथिली आहे ना तिथे?"

मैथिली होती. बाबा गेले तेव्हाही मैथिलीच होती. अग्नी मीच दिला, कारण दादा तेव्हा पासष्ट अंश दक्षिणेला होता.

वहिनीची गाठ साधी निघाली. दादा एप्रिलमध्ये परतला तो डाव्या पायाची दोन बोटं तिकडे ठेवून. थंडीने काळी पडली म्हणून कापावी लागली होती. आल्याच्या तिसऱ्या दिवशी जेवणाच्या टेबलावर त्याने पुढच्या मोसमाचा नकाशा पसरला. वहिनीने भाताचं पातेलं त्या नकाशावरच ठेवलं आणि ती आत निघून गेली.

पुढच्या आठवड्यात ती एकटीच पणजीला माझ्या ऑफिसात आली. पाणीसुद्धा प्यायली नाही.

"तू मेंदूचं काम करतेस. ह्यांचं हे डोक्यात कुठे असतं?"

"हे म्हणजे?"

"हे जायचं. सारखं तिकडे जायचं."

मी हसले. तिला वाटलं मी तिची चेष्टा करते आहे. पण मी हसले, कारण ते कुठे असतं हे मला नेमकं ठाऊक होतं.

*

चार वर्षं मी त्याच्यावरच काम करत होते. ध्रुवावर हिवाळा काढलेले, एकट्याने समुद्र ओलांडलेले, निर्मनुष्य जागी पुन्हा-पुन्हा जाणारे असे दोनशे बारा लोक आम्ही स्कॅनरमध्ये घालून पाहिले होते. आत पडून त्यांना फक्त चित्रं बघायची असायची. बाजार, रस्ता, घर आणि अधूनमधून नुसतं रिकामं क्षितिज.

मेंदूत हिप्पोकॅम्पस नावाचा एक भाग आहे. आपण कुठे आहोत, कुठून आलो, याचा नकाशा तो सतत काढत असतो. रिकामं क्षितिज दाखवलं की तुमच्या-माझ्या मेंदूतला हा नकाशे काढणारा भाग मंदावतो, कारण टिपण्यासारखं काही नसतं. या दोनशे बारांपैकी जवळपास सगळ्यांत तो उसळून उठत होता. भुकेल्या माणसाला फोडणीचा वास यावा तसा. तिथून एक धागा मेंदूच्या मुळाशी असलेल्या, ओढ निर्माण करणाऱ्या पेशींकडे जात होता, आणि त्या पेशी नकाशावाल्या भागाला पुन्हा डिवचत होत्या. असं ते वर्तुळ फिरत राहायचं. रिकामी जागा या लोकांच्या मेंदूला रिकामी वाटतच नव्हती. त्या वर्तुळाच्या गाठीला आम्ही क्षितिजबिंदू म्हणू लागलो.

त्या बिंदूपासून चार मिलिमीटरवर दुसरा एक बिंदू आहे, झोपेशी संबंधित. ध्रुवावरून परतलेल्यांची झोप तिथे बिघडते. त्यावर उपचार होता आणि त्याला परवानगीही होती. सोनोग्राफीत वापरतात तसाच ध्वनी, पण हजारभर ठिकाणांहून एका हेल्मेटमधून सोडलेला. लहानपणी आपण भिंगाने ऊन एका टिंबावर आणून कागद जाळतो, तसे हे सगळे ध्वनी एका टिंबावर एकत्र येतात. इथे जळत काही नाही. ठरावीक लयीत हलके धक्के दिले की तिथल्या पेशी शांत होतात, आणि सहा वेळा दिले की शांत राहायला शिकतात. वर्षभराच्या आत उलट्या लयीत धक्के दिले तर मूळपदावर येतात. वर्ष उलटलं की न वापरलेले जोड मेंदू स्वतःच छाटून टाकतो. मग उपाय नाही.

क्षितिजबिंदूवर मात्र परवानगी नव्हती. उंदरांवर झालं होतं, पाच स्वयंसेवकांवर झालं होतं, आणि त्या पाचांत दादासारखा एकही नव्हता.

जूनमध्ये दादा आपणहून माझ्याकडे आला. "मैथू, ती झोपेची ट्रीटमेंट दे बाबा एकदा. तीन महिने डोळ्याला डोळा नाही." मी संमतीपत्र पुढे केलं. अकरा पानं होती. त्याने थेट शेवटचं पान उलटून सही केली.

"वाच तरी."

"तू वाचलंयस ना? मग झालं."

वहिनीने मला विनवलं होतं हे खरं. पण पुढे मी जे केलं ते फक्त तिच्यासाठी केलं असं म्हणाले तर ती बनवाबनवी होईल. मला अठरा मोसम बर्फात काढलेला एक मेंदू हवा होता. आणि बाबांना अग्नी देताना माझा हात भाजला होता, तेव्हापासून मला दादाचा राग होता. त्याने एकदा तरी घरी बसावं, आम्ही कसे बसतो तसं, असं मला वाटत होतं. सहाही वेळा झोपेचा बिंदू झाल्यावर मी पडद्यावरचं टिंब चार मिलिमीटर पुढे सरकवलं. प्रत्येक वेळी अकरा मिनिटं जास्त लागली. दादा हेल्मेटमध्ये डोळे मिटून पडला होता.

*

जुलैत वहिनीचा फोन आला. आधी ती नुसती हसत राहिली. मग म्हणाली, "मैथिली, ह्यांनी करार रद्द केला. मी काही बोललेसुद्धा नाही गं! म्हणाले, यंदा नको वाटतंय."

दादा झोपू लागला होता. त्याने गळकी कौलं बदलली, वहिनीला घेऊन आंबोलीला गेला, वहिनीच्या भाचीच्या लग्नात चार दिवस आधी जाऊन मांडवाला उभा राहिला. सप्टेंबरमध्ये मी वेंगुर्ल्याला गेले तेव्हा त्याने मला बांगड्याचं तिखलं करून वाढलं. बोलत होता, विनोद करत होता. तो कुठल्याही अर्थाने निर्जीव झाला नव्हता, हे मी मुद्दाम सांगते, कारण मी तेच शोधत होते आणि ते न सापडल्यावर मला हायसं वाटलं होतं. मी त्याची नोंद केली: प्रकृती उत्तम, कुटुंबाशी संबंध सुधारले. नाव लिहिलं नाही. स्वयंसेवक क्रमांक सहा.

फक्त एकदा, वहिनी ताटं उचलताना म्हणाली, "आता हे माझ्याकडे बघतात ना, तेव्हा मधे काहीच नसतं." मी म्हटलं, "मग चांगलंच आहे की." ती "हो" म्हणाली, पण ताटं घेऊन तशीच उभी राहिली.

*

दादाने अकरा वर्षांत एकच माणूस हाताखाली तयार केलं होतं, स्नेहल तारी. ती मालवणची, आता चौतिशीची, 'शुभ्रा' नावाच्या शिडाच्या बोटीची कॅप्टन. दादा येत नाही म्हटल्यावर त्या मोसमात तीच एकटी आठ जणांना घेऊन गेली. बोटीचा इंजिनवाला दिगंबर आरोलकर, शिरोड्याचा. दादाबरोबर चौदा मोसम काढलेला माणूस.

जानेवारीतल्या एका रविवारी मी वेंगुर्ल्यात होते. दुपारी साडेतीनला दादाचा फोन वाजला. स्नेहल होती. पडद्यावर तिचा चेहरा, मागे करडं आकाश आणि सगळीकडून जवळ आलेला बर्फ.

"सर, वाऱ्याने तोंड फिरवलंय. बर्फ दाटत चाललाय. अर्ध्या तासात ठरवायला हवं."

दादाने फोन टेबलावर उभा केला, चष्मा लावला. "नकाशा काय सांगतो?"

"उत्तरेला फट दाखवतोय. पण पन्नास मिनिटांपूर्वीचा आहे."

"कॅमेरा फिरव."

तिने सावकाश चारी बाजूंना फिरवला. दादा नीट बघत होता. मीही बघत होते, मला सगळं सारखंच दिसत होतं. पूर्वी अशा वेळी त्याचा चेहरा कसा व्हायचा ते मला आठवलं. नाकपुड्या किंचित फुलायच्या, मान वाकडी व्हायची, कोणी दूरवरून हाक मारतंय आणि आपल्याला नीट ऐकू येत नाही अशी. आता तो परीक्षेचा पेपर बघावा तसा बघत होता.

"उत्तरेला जा," तो म्हणाला.

स्नेहलने कॅमेरा पुन्हा एका बाजूला नेला. मग म्हणाली, "नकाशाचं राहू दे सर. तुम्हाला काय वाटतंय?"

"मला काही वाटत नाही गं. नकाशा उत्तर म्हणतोय तर उत्तर."

"ठीक आहे सर."

फोन बंद झाला. दादाने चष्मा काढून पुसला आणि विचारलं, "चहा टाकू?" मला तेव्हाच स्नेहलला परत फोन करून सांगता आलं असतं, की याचं ऐकू नकोस, याच्या डोक्यात मी हात घातला आहे. पण ते सांगायचं तर शेजारी उभ्या असलेल्या दादालाही कळलं असतं. मी म्हटलं, "टाक."

उत्तरेची फट तीन तासांत मिटली. 'शुभ्रा' बर्फाच्या दोन लाद्यांमध्ये सापडून फुटली. आठ जण तराफ्यावर चढले आणि एकोणीस तासांनी एका चिलियन जहाजाने त्यांना उचललं. दिगंबर पंप चालू ठेवायला खाली राहिला होता. तो वर आलाच नाही.

दादा रडला. शिरोड्याला आरोलकरांच्या घरी तेरा दिवस रोज जाऊन बसला, दिगंबरच्या बायकोचे विम्याचे कागद त्यानेच भरले. जे करायला हवं ते सगळं त्याने केलं. पण बर्फ कसला होता, वारा कुठून फिरला, बोट कुठल्या बाजूने दाबली गेली, हे त्याने कोणालाच विचारलं नाही. पूर्वीचा दादा हे विचारल्याशिवाय जेवला नसता.

*

मार्चमध्ये स्नेहल भेटायला आली. उजव्या हाताला पट्ट्या, तीन बोटं गेलेली. दादा दुकानात गेला होता. मी आणि वहिनी ओट्यावर होतो.

"ताई, तुम्ही त्या दिवशी फोनजवळ होतात ना?" ती मला म्हणाली. "ईशान्येला ढगांच्या पोटाला काळसर पट्टी होती. ढगाखाली बर्फ असला की ढग खालून उजळतो, मोकळं पाणी असलं की काळवंडतो. सरांनीच शिकवलेलं, पहिल्या मोसमात. मला ती पट्टी दिसली होती."

"मग?" वहिनीने विचारलं.

"मी कॅमेरा तिथे दोनदा नेला. सर काहीच बोलले नाहीत. म्हटलं, सरांना दिसत नाही म्हणजे माझाच भास असेल." ती पट्ट्यांकडे बघत राहिली. "मी माझ्या डोळ्यांवर विश्वास ठेवायला हवा होता. दिगंबरकाका माझ्यामुळे गेले."

मी तिला तिथेच, वहिनीसमोर, सगळं सांगितलं. ओढ तेवढी कमी होईल आणि नजर राहील असं मी धरून चालले होते. ती दोन्ही एकाच वर्तुळात फिरतात हे मला माझ्याच स्कॅनवरून दिसायला हवं होतं. रिकाम्यात काही आहे असं वाटल्याशिवाय तिथे कोण डोळे ताणून बघेल? मी हे सांगत असताना स्नेहल उठली. मला वाटलं ती मारणार. पण ती अंगणाच्या कडेला जाऊन ओकली, चूळ भरली आणि दारात थांबवलेली रिक्षा तिथेच सोडून चालत निघून गेली.

दादाला मी त्याच संध्याकाळी बंदरावर सांगितलं. उन्हं कलली होती, ट्रॉलर आत येत होते. त्याने मध्ये एकदाही थांबवलं नाही.

"बरं," तो शेवटी म्हणाला.

"दादा, मी तुला फसवलं. तुझ्या सहीचा... दिगंबर गेला, दादा."

"ऐकलं मी." तो विचार करत होता, प्रामाणिकपणे, जणू खिसे चाचपून बघत होता. "तुझा राग यायला हवा ना मला? दिगंबरचं वाईट वाटतंय. पण तू माझं काय घेतलंस ते मला कळतच नाही, तर रागवू कशावर?" मग तो त्याच्या लहानपणच्या बोलीत म्हणाला, "रडतंस कित्याक, मैथू? माका काय्येक दुखणा नाय."

"परत करता येतं. जूनपर्यंत वेळ आहे. तू हो म्हण."

"मला काही कमी वाटत नाही. अपर्णा खूश आहे. तुला बरं वाटणार असेल तर कर."

तुला बरं वाटणार असेल तर. अशी संमती कुठला डॉक्टर घेईल?

वहिनीला हे सांगितलं तेव्हा ती ताडकन म्हणाली, "मग करून टाक."

"त्याची इच्छा नाही, वहिनी. तो माझ्यासाठी हो म्हणतोय."

"पहिल्यांदा विचारलं होतंस त्यांना?"

"नाही."

"मी मागितलं होतं, मलाही लाज आहे," ती म्हणाली. "मला ते घरी हवे होते. हे जे घरी आहेत ना, त्यांनी मला एकदाही विचारलं नाही, की गाठ निघाली तेव्हा तू घाबरली होतीस का. तिकडून रोज फोनवर विचारायचे. रोज, मैथिली."

हे मला माहीत नव्हतं. मी विचारलंच नव्हतं.

एप्रिलच्या शेवटी दादा तपासणीला आला. हेल्मेट घालून डोळे मिटून पडला. पडद्यावर मी टिंब चार मिलिमीटर पुढे नेलं, उलटी लय भरली. एक बटण दाबायचं होतं. सहा वेळा. त्याला कळलंही नसतं आणि जूनअखेर तो नकाशा घेऊन बसला असता, माझ्याशी जन्मात न बोलण्याइतका रागावून. मला तो राग हवा होता. तो किती हवा होता हे लक्षात आलं तेव्हा माझा हात थांबला. पुन्हा मी माझ्यासाठीच करणार होते.

"झालं?" दादाने विचारलं.

"दादा, शेवटचं विचारते. स्वतःसाठी सांग. करू?"

"मला नको आहे."

मी मशीन बंद केलं.

दुसऱ्या दिवशी मी संस्थेच्या एथिक्स कमिटीकडे स्वतःविरुद्ध तक्रार दिली, सहाही दिवसांच्या नोंदींसकट. दोन महिने चौकशी चालली. दादाने आपणहून पत्र पाठवलं: माझी प्रकृती उत्तम आहे, बहिणीबद्दल माझी कोणतीही तक्रार नाही. कमिटीने माझा अभ्यास सहा महिन्यांसाठी थांबवला आणि नोंदी ठेवण्यात हलगर्जी केल्याबद्दल समज दिली. 'शुभ्रा'शी संबंध सिद्ध होत नव्हता; फोनवरचा सल्ला हा उपचाराचा भाग नव्हे. निर्णय हातात देताना अध्यक्ष मला बाजूला घेऊन म्हणाले, "पद्धत चुकली तुमची, पण निकाल विलक्षण आहे. सहा महिन्यांनी रीतसर प्रस्ताव टाका." मी त्याच दिवशी राजीनामा दिला. तो जूनचा शेवटचा आठवडा होता. मुदत संपली होती.

*

जुलैत मी शिरोड्याला गेले. दिगंबरची बायको सुनंदा एकटीच घरात होती, पन्नाशीची, ओलं खोबरं खवत बसलेली. कॅप्टनची बहीण म्हणून तिने मला पाट दिला, पाणी दिलं. मी पाण्याला हात लावला नाही. आधी सांगते म्हटलं, आणि सांगितलं. तिला कळावं म्हणून शास्त्र सोपं करत गेले तर तिने मला अडवलं.

"माका कळता सगळा. फुडे सांग."

मी पुढे सांगितलं. चहा टाक म्हणाले होते, तेही सांगितलं.

तिने विळी आडवी ठेवली. "तुझो भाव पयल्यासारको आसतो तर माझो घोव वाचतो?"

"नक्की सांगता येत नाही. वाचला असता असं मला वाटतं."

मग खोबऱ्याने माखलेल्या हाताने तिने माझ्या समोरचा पाण्याचा तांब्या उचलला आणि अंगणात रिकामा केला.

"भायर हो," ती म्हणाली. आवाज चढत गेला. "भायर हो माझ्या घरातसून! रडान दाखवू नको माका. तुझा ह्या मी खंय सोडूचंय नाय. पोलिसांत जातलंय, कोर्टात जातलंय. माझो घोव काय तुझो उंदीर होतो?"

शेजारच्या दोन बायका कुंपणाशी आल्या. सुनंदा त्यांच्यासमोर, माझं नाव घेऊन, मी काय केलं ते मोठ्याने सांगत राहिली. मी पायरीखाली उभी राहून ते शेवटपर्यंत ऐकलं. त्यात एकही शब्द खोटा नव्हता. वर्षभरात माझ्यावर रागावलेलं ते पहिलं माणूस होतं.

तिने खरंच तक्रार केली. सोमवारी सावंतवाडीच्या कोर्टात पहिली तारीख आहे. दादा माझ्या बाजूने साक्ष द्यायला तयार आहे. मी वकिलाला सांगून ठेवलंय, त्याला बोलावू नका.